सॉल्सबरीच्या आवारात एक दिवस

मुलाकडे विलायतेला जाऊन आलेल्या बायका काय काय सांगतात, ते तुम्हांला एव्हाना पाठ झालं असेल. राजवाडा, मेणाचे पुतळे, थेम्स नदीवरचा पूल, आणि मग दुकानं. मीही ते सगळं पाहिलं. पण त्याबद्दल लिहायला बसले नाही. मला सांगायचंय ते सॉल्सबरी नावाच्या एका लहानशा गावाबद्दल. तिथं मी गेले एका पुस्तकापायी.

झालं असं की गेल्या वर्षी मे महिन्यात धाकट्याकडे होते. नातू पंधरा वर्षांचा, पुढच्या वर्षी त्याची मोठी परीक्षा. एका संध्याकाळी ताटं मांडायला गेले, तर टेबलावर एक पुस्तक पालथं पडलेलं. उलटून पाहिलं, तर वर डुकराचं डोकं! म्हटलं, "जेवायच्या जागी हे काय रे?" तर म्हणाला, "आजी, अभ्यासाचं आहे. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज.' खूप चांगलं आहे, पण तू वाचू नकोस." वाचू नकोस म्हटल्यावर कोणती बाई थांबेल? सूनबाई कामावर गेली की दुपारी मोकळीच असायची मी. माझं इंग्रजी बी.ए.च्या वेळचं, तरी चार दुपारींत संपवलं.

तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल, पण ज्यांनी नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अणुयुद्ध चालू आहे. इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना सुरक्षित ठिकाणी घेऊन निघालेलं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं. मुलं वाचतात, मोठं माणूस एकही नाही. पहिल्या दिवशी सगळं कसं शिस्तीत! राल्फ नावाच्या मुलाला पुढारी निवडतात. एक मोठा शंख सापडतो. ज्याच्या हातात शंख त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं असा नियम ठरतो. (आपल्या देव्हाऱ्यातला शंख डोळ्यांपुढे आला माझ्या.) डोंगरावर जाळ पेटता ठेवायचा, म्हणजे धूर पाहून एखादं जहाज येईल. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचा म्होरक्या जॅक शिकारीचं काम घेतो. आणि तिथूनच बिनसतं. डुकराच्या मागे धावताना जाळाकडे बघायचं राहून जातं, तो विझतो, आणि नेमकं त्याच वेळी जहाज क्षितिजावरून निघून जातं. मग तोंडाला रंग फासून नाच. मग त्या नाचाच्या भरात एका मुलाचा जीव जातो. मग दुसऱ्याचा.

त्या दुसऱ्याचं नाव पिगी. म्हणजे काय, ते टोपणनावच. जाडा, दम्याचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा मुलगा. त्याचं खरं नाव शेवटपर्यंत वाचणाऱ्याला कळतच नाही, कारण बेटावरचं कुणी ते विचारतच नाही. जाळ पेटवायला त्याचाच चष्मा लागतो. आता, विज्ञानाचे मास्तर सांगतात की लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यानं ऊन एकवटत नाही, त्यानं कापूससुद्धा पेटणार नाही. लेखकाची तेवढी चूक झाली. असो. बेटावर शहाणपणाचं जे काही बोललं जातं ते याच्याच तोंडून, आणि प्रत्येक वेळी तो म्हणतो, माझी आंटी असं म्हणायची. ती त्याला सांभाळणारी, गोळ्या-मिठाईचं दुकान असलेली आंटी. सबंध बेटावर बाईची म्हणून चाहूल लागते ती बहुतेक तेवढीच. आणि तिचं नाव काढलं की पोरं हसतात.

जॅक त्याला मारतो आणि चष्म्याचं एक भिंग फुटतं, तिथं मी पुस्तक मिटलं. उठून भांडी विसळली. का, ते पुढे सांगते.

पुस्तकाचा लेखक विल्यम गोल्डिंग सॉल्सबरीच्या शाळेत मास्तर होता, हे नातवानंच सांगितलं. "दीड तासाचा रस्ता आहे आजी, जाऊ या ना!" एका शनिवारी निघालो; मुलगा, नातू आणि मी. सूनबाईला सुट्टी नव्हती. वॉटर्लू स्टेशनवरून गाडी सुटते. बरोबर मेथीचे ठेपले, दह्याची चटणी आणि थर्मास घेतला होता. आणि तुम्हांला सांगून ठेवते, तिकडच्या मे महिन्यावर विश्वास ठेवू नका, शाल न्याच.

स्टेशनातून बाहेर पडलं की कळस दिसतोच. 123 मीटर उंच आहे तो, आख्ख्या ब्रिटनमध्ये सर्वांत उंच. कॅथीड्रल बांधायला घेतलं 1220 साली आणि मुख्य इमारत पुरी झाली 1258 मध्ये. आत 1386 च्या सुमाराचं एक घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत; नुसते तास वाजवायचे, हे त्याचं काम. आणि मॅग्ना कार्टाच्या 1215 च्या चार मूळ प्रतींपैकी एक इथं ठेवली आहे. राजालाही कायदा लागू आहे असं लिहून घेतलेलं ते कातडं. अंधारातल्या पेटीत, बारीक, गिचमिड अक्षरात. त्याच्यापुढे मुलगा बराच वेळ उभा राहिला.

पण मला जास्त भावलं ते कॅथीड्रलभोवतीचं आवार. केवढं मोठं! मधे हिरवळ, कडेनं जुनी देखणी घरं, आणि सगळ्याला चौदाव्या शतकातली दगडी भिंत. भिंतीला वेशी आहेत आणि त्या रोज रात्री बंद होतात. आजसुद्धा. आत राहणाऱ्यांना अकराच्या आत घरी यायचं किंवा चावी बाळगायची. सासुरवासाची आठवण झाली मला.

या भिंतीच्या आतच ती शाळा आहे, बिशप वर्ड्सवर्थ्स स्कूल. शनिवार म्हणून सामसूम होती. बाहेरूनच पाहिली. तुमच्या-माझ्या गावातल्या जुन्या हायस्कुलासारखीच, जरा दगडी तोंडवळ्याची. युद्ध संपल्यावर 1945 पासून 1961 पर्यंत गोल्डिंग इथं शिकवत होता. पोरांनी दाढीवरून आणि गबाळेपणावरून त्याचं नाव 'स्क्रफ' ठेवलं होतं. मास्तरांना नावं ठेवण्यात सगळ्या देशांची मुलं सारखीच.

त्याआधी तो आरमारात होता. जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं, तेव्हा अग्निबाण सोडणारी एक नौका त्याच्या हुकमतीखाली होती. शिकला-सवरलेला माणूस, शिक्षकाचा मुलगा. युद्धापूर्वी त्याला वाटायचं की समाज सुधारला की माणूस सुधारतो. एका माणसाला दुसऱ्याचं काय काय करता येतं ते युद्धात पाहिल्यावर तो विश्वास गेला, असं त्यानं पुढे स्वतःच लिहिलं. परत आला तो शाळेत. तिथं समोर कोण? ही मुलं. एकदा म्हणे त्यानं मुलांना गावाजवळच्या फिग्सबरी रिंग नावाच्या जुन्या मातीच्या तटबंदीवर नेलं, दोन तट पाडले, एकानं हल्ला करायचा, दुसऱ्यानं राखायचं, आणि आपण लांब उभा राहिला. खेळ इतका हातघाईवर आला की त्याला मधे पडावं लागलं.

आता खरी गंमत ऐका. घरी दोन मुलं, पगार बेताचा. एका रात्री मुलांना बेटावरच्या मुलांची गोष्ट वाचून दाखवून तो शेकोटीपाशी बायकोजवळ येऊन बसला. तशा गोष्टी त्यांच्याकडे फार. त्यांतली 'कोरल आयलंड' 1857 ची. तीन इंग्रज मुलं बेटावर कशी गुण्यागोविंदानं राहतात, आणि वाईट जे काय ते बाहेरून येतं, चाचे आणि नरभक्षक बनून. तो बायकोला म्हणाला की बेटावरची मुलं खरोखर जशी वागतील तशी दाखवणारी गोष्ट लिहिली तर? आपल्या यजमानांनी असं काही काढलं तर आपण काय म्हणतो? "आधी दिव्याचं बिल भरा." अ‍ॅन, त्याची बायको, रसायनशास्त्र शिकलेली. ती म्हणाली की कल्पना उत्तम आहे, तूच लिही. झालं. त्यानं शाळेच्याच वह्यांत, वर्ग चालू असताना, मधल्या सुट्टीत लिहिलं. शब्द मोजायला विद्यार्थ्यांना बसवायचा! किती तरी प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. ज्या प्रकाशनानं शेवटी घेतलं त्यांच्या वाचणाऱ्या बाईंनीही आधी टाकाऊ म्हणूनच शेरा मारला होता. चार्ल्स माँटिथ नावाच्या नव्या संपादकानं ते परत उचललं. सप्टेंबर 1954 मध्ये छापून आलं. आणि 1983 साली गोल्डिंगला नोबेल पारितोषिक मिळालं. अ‍ॅननं त्या रात्री जांभई दिली असती तर? मी आपली विचारते.

जेवायला आम्ही हिरवळीवर बसलो. तिथं एक पुतळा आहे, एलिझाबेथ फ्रिंक या शिल्पकार बाईंनी 1981 मध्ये केलेला. येशूची आई मेरी. पण कडेवर बाळ नाही, गोड चेहरा नाही. वाळलेली, वय झालेली बाई, भराभर चालत निघालेली, आणि कॅथीड्रलकडे पाठ करून, गावाच्या दिशेनं. मला फार आवडली. कुठं तरी कुणाचं तरी काही बिघडलंय आणि ही निस्तरायला निघालीय, अशी.

ठेपला खाता खाता नातवानं सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, त्या पुस्तकात तुम्ही कोण असता?"

मुलगा हसला नाही. म्हणाला, "मी? रॉजर नाही. पण जॅकच्या मागे उभे असतात ना, त्यांच्यातला एक."

आणि माझा घास घशात अडकला. कारण त्याच्या मनात काय आलंय ते मला ठाऊक होतं, आणि त्याला वाटत होतं की आई विसरली असेल.

तेव्हा आम्ही एका तालुक्याच्या गावी होतो. हा सातवीत. त्याच्या वर्गात एक जाडा मुलगा होता, सगळे त्याला ढब्बू म्हणत. जाड भिंगांचा चष्मा. एका दुपारी दारात बाई उभी. साधी, माझ्याच वयाची. हातातला रुमाल उघडून दाखवला, तर आत चष्म्याचे तुकडे. शाळेमागच्या मैदानात पाच-सहा जणांनी तिच्या मुलाला रिंगणात धरलं, चष्मा काढून घेतला, एकमेकांकडे फेकला आणि तो पायाखाली आला. पाच-सहा जणांत आमचा होता. बाई भांडली नाही. म्हणाली, "एकदा विचारा त्याला. एवढंच."

मी तिला बसवलं, चहा केला. आणि म्हटलं, "मुलंच ती, खेळता खेळता होतं. चष्म्याचे पैसे मी देते." तिनं चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. रुमालाची घडी करून निघून गेली. मी रात्री मुलाला विचारलं नाही. यांच्या कानावरही घातलं नाही, उगाच मार बसेल म्हणून. आमचा मुलगा तसा नाही, घरात सगळं चांगलं वळण आहे, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की विचारायची गरजच वाटली नाही. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला नाही. वडलांची बदली झाली असं कळलं.

कादंबरीत त्या नाचाच्या रात्री एक मुलगा मारला जातो ना, तेव्हा रिंगणात चांगली मुलंही असतात. राल्फ असतो, पिगीसुद्धा असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शहाणा पिगी म्हणतो की तो अपघात होता. घाबरलो होतो, अंधार होता. ते वाचताना मला माझा चहाचा कप दिसत होता.

आणखी एक जागा आहे. रॉजर नावाचा मुलगा समुद्रकाठी खेळणाऱ्या एका लहानग्याच्या दिशेनं दगड मारतो, पण नेम चुकवून. त्या पोराभोवती एक न दिसणारं कडं आहे, त्याच्या आत दगड टाकायला रॉजरचा हात धजत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा, सगळ्यांनी मिळून आखलेलं कडं. ते सगळे हजारो मैलांवर आहेत, तरी हात अडतो. मग दिवस जातात, आणि तोच रॉजर कड्यावरून शिळा लोटतो. पिगी जातो आणि त्याच्या हातातला शंखही फुटतो. गोल्डिंगला सांगायचंय ते मला या दगडांतच सापडलं. सुसंस्कृतपणा रक्तात नसतो, कुणी तरी तो रोज आखत असतं. एका दुपारी माझ्या हाती खडू होता आणि मी रेघ ओढली नाही.

नातू मात्र वेगळंच घेऊन बसला होता. त्यांच्या बाईंनी वर्गात खरी घटना सांगितली होती. 1965 च्या जूनमध्ये टोंगा बेटांवरच्या एका वसतिगृहातली सहा मुलं, शाळेला कंटाळून, एका कोळ्याची होडी पळवून निघाली. वादळात शीड फाटलं, आठ दिवस भरकटली आणि 'आटा नावाच्या निर्जन बेटाला लागली. तिथं तब्बल पंधरा महिने राहिली. सप्टेंबर 1966 मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्द्याला सापडली, तेव्हा धडधाकट होती! विस्तव पेटवायला त्यांना फार कष्ट पडले, पण एकदा पेटवला तो वर्षभराहून अधिक विझू दिला नाही. झाडाच्या बुंध्यात पावसाचं पाणी साठवलं, कोंबड्या पाळल्या, दोघादोघांच्या पाळ्या लावल्या. भांडण झालं तर दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन डोकं थंड करायचं. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी काटक्या बांधून नीट बसवला. (परत आल्यावर होडीच्या मालकानं फिर्याद केली आणि सगळे तुरुंगात. वॉर्नरनं पैसे भरून सोडवलं.)

"म्हणजे गोल्डिंग चुकला ना, आजी?"

मी म्हटलं, मला तसं वाटत नाही. ती सहाजणं आधीपासूनची मित्र, बेटांवरच वाढलेली, हातानं काम करायची सवय असलेली. त्यांच्यात कुणी ढब्बू नव्हता. आणि पंधरा महिने विस्तव राखणं म्हणजे काय, ते चुलीपुढे दिवस काढलेल्या बाईला विचार. मनात आलं ते मात्र बोलले नाही. सातवीतल्या आमच्या चिरंजिवांनी जेवल्यावर स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं, आणि उचलू मीच दिलं नव्हतं.

मुलगा एवढंच म्हणाला की त्या 'आटा बेटावर पूर्वी वस्ती होती. 1863 मध्ये गुलाम धरणाऱ्यांचं जहाज आलं आणि माणसं फसवून घेऊन गेलं. उरलेल्यांना मग टोंगाच्या राजानं दुसरीकडे नेलं. रानटी हा शब्द गोऱ्या साहेबानं किती लोकांना चिकटवला, आपल्यालाही. गोल्डिंगनं एक बरं केलं. त्याच्या बेटावर त्या मुलांशिवाय कुणी ठेवलंच नाही. बोट दाखवायला दुसरं माणूस नाही.

साडेपाचला कॅथीड्रलमध्ये प्रार्थना होती. मुलं झगे घालून दोन-दोनच्या रांगेनं आली आणि गायला लागली. काय सांगू तो आवाज! उंच खांबांतून वर वर जाणारा. (इथं 1991 पासून मुलींचंही गायनपथक आहे. असं वेगळं पथक इंग्लंडच्या कॅथीड्रलांत पहिलं इथंच निघालं.) नातू कानात पुटपुटला, "जॅकची टोळी." मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण एका टोकाचा गोरापान, गोबऱ्या गालांचा पोरगा शेजारच्याच्या पायावर हळूच पाय देत होता, ते मीही पाहिलं होतं.

गाडीत नातू झोपला. खिडकीबाहेर अजून उजेड होता. मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आई, त्या ढब्बूचं नाव काय होतं गं?"

"तुला आठवत नाही?"

"चार वर्षं एका वर्गात होतो."

मलाही आठवेना. मला रुमाल आठवत होता. पांढरा, कडेला जांभळ्या दोऱ्याची वीण, घरी घातलेली. मग मी त्याला त्या दुपारचं सगळं सांगितलं, चहासकट. आई घरी आली होती हे त्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो समजत होता की मोठ्यांपैकी कुणालाच कळलं नाही.

जूनच्या अखेरीला परत आले. पावसाळा सुरू झाला होता, तरी माळ्यावरची ट्रंक खाली काढवली. शाळेचे सगळे ग्रुप फोटो होते. सातवीच्या फोटोत मागच्या रांगेत टोकाला तो उभा आहे, बिनचष्म्याचा, डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघतोय. खाली ओळीनं नावं छापलेली आहेत. नाव मी इथं लिहीत नाही. मुलाला त्याच रात्री कळवलं, आडनावासकट. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, नेहमीच्या वेळी नाही, भर दुपारी. म्हणाला, "आई, त्यांची बदली कुठल्या गावाला झाली होती, तिथं कुणाला विचारता येईल का?"

मी विचारायला सुरुवात केली आहे.